दगडाचे गाव



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून मराठी मुलखात उन्हाळा आला की आंब्याबरोबर व्याख्यानेही पिकू लागली. ह्या व्यासपीठावर राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय मांडले जातात. आम्ही वक्तेही नव्हे आणि शास्त्रज्ञ तर नव्हेच. उभी हयात कचेरीत खर्डेघाशी करण्यात गेली. असे असता चालकांनी आम्हांस बोलावले, ते आमच्यासाठी नव्हे. "तुमच्या बाईंविषयी बोला," असे ते म्हणाले. त्यांच्यापैकी दोघे तिचे विद्यार्थी. तेव्हा नाही म्हणवले नाही.

आमची पत्नी शाळेत भूगोल शिकवीत असे. 2018 च्या पावसाळ्यात ती गेली. तिला वेड होते दगडांचे. वेड हा शब्द तिला मान्य होता, 'छंद' म्हटलेले मात्र खपत नसे. छंद फावल्या वेळचा असतो, असे तिचे म्हणणे. शास्त्राच्या नावावरूनही ती वाद घाली. कोणी 'भूगर्भशास्त्र' म्हटले की म्हणे, "गर्भात कशाला जायला हवं? आधी पायाखालचं तर बघा." पुढे मराठी विश्वकोशाने 'भूविज्ञान' हा शब्द रूढ केला, तो मात्र तिने आनंदाने घेतला.

आमचे लग्न झाले 1966 च्या मे महिन्यात. वरातीबरोबर तिची एक लोखंडी ट्रंक आली. ती उचलताना दोन गडी वाकले. आमच्या मातोश्रींस वाटले, माहेरची तांब्यापितळेची भांडी असावीत. उघडून पाहतात तो आत जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले दगड, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी! "सुनेने रुखवतात धोंडे आणले," हे वाक्य आमच्या घरात पुढे पंधरा वर्षे चालले. मातोश्री ते रागाने म्हणत नसत, एवढे मात्र सांगितले पाहिजे. शेवटी शेवटी त्याच आल्यागेल्यास ट्रंक उघडून दाखवीत.

घाटाच्या पायथ्याशी तिचे माहेर. ओढ्याला पूर येऊन गेला की परकराच्या ओच्यात गोटे गोळा करायचे, हा पाचव्या-सहाव्या वर्षापासूनचा उद्योग. घाटावरून आलेला काळा गोटा आणि जवळच्या टेकडीतला पांढरा गोटा एकाच ओढ्यात कसे, हा तिला पडलेला पहिला प्रश्न. घरात कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते. पुढे ती ज्या महाविद्यालयात शिकली, तिथे हा विषयच नव्हता. तिने भूगोल घेतला, कारण त्यातल्या त्यात तोच जवळचा.

तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या ह्या जिल्ह्याच्या रचनेत आहे. ते थोडक्यात सांगतो. तिने सांगितले असते तर तुम्ही अधिक रमला असता.

सह्याद्रीची भिंत काळ्या कातळाची. तो लाव्ह्याचा खडक, बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर ओतले गेले, आणि आज जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख त्या थरांनी झाकलेला आहे. पुणे, नाशिक, सातारा ह्या सगळ्या भागाचा पाया तोच. महाराष्ट्र म्हणजे काळा पत्थर असे आपण म्हणतो ते ह्यामुळे. पण आपला सिंधुदुर्ग त्याला अपवाद! देवगड-वैभववाडीकडून दक्षिणेला येऊ लागले की ह्या काळ्या चादरीची किनार संपते, आणि खालचा जुना बिछाना उघडा पडतो. फोंडा-कासार्ड्याच्या बाजूस वालुकाश्म आणि काचेच्या कारखान्यांना लागणारी पांढरी सिलिका वाळू. कणकवलीजवळ जानवलीकडे क्रोमाईट. रेडीला लोखंडाचे खनिज. आणि त्याही खाली पट्टेदार नाईस खडक, ज्याचे वय कोटींत नव्हे तर अब्जांत मोजावे लागते. तेव्हा ओढ्यातला काळा गोटा घाटाचा आणि पांढरा गोटा त्याच्या खापरपणजोबाच्याही आधीचा. "एका ओंजळीत दोन युगं," असे ती वर्गात म्हणे आणि दोन्ही गोटे मुलांच्या हातांत देई.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. चार वाजून गेले होते. आमच्याकडे मांडणीवरची भांडी खणखणली, गोठ्यातली गुरे दावणीला हिसके देऊ लागली. सगळे अंगणात धावले. ती अंगणात येऊन पहिले काय करते, तर घड्याळात वेळ बघते आणि कोळशाने भिंतीवर लिहून ठेवते! कोयनानगर उद्ध्वस्त झाल्याची बातमी नंतर आली. तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. धरणाच्या पाण्याच्या साठ्याचा आणि भूकंपाचा संबंध असू शकतो, ह्या प्रश्नावर पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेचे उदाहरण अभ्यासले. ती वर्तमानपत्रातली कात्रणे जमवू लागली. त्याच हिवाळ्यात आम्ही पुण्यास गेलो असता रद्दीच्या दुकानात तिला वाडियांचे 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' मिळाले. दाराशॉ वाडियांनी हा ग्रंथ 1919 साली प्रसिद्ध केला. भारतीय माणसाने भारताच्या भूमीवर लिहिलेला तो मोठा ग्रंथ. पुस्तकाची पाठ निघालेली, दोन नकाशे गायब. पण तिने ते खळ लावून बांधले, आणि त्यानंतर पन्नास वर्षे ते तिच्या उशाशी होते. इंग्रजी तिचे बेताचे. शब्दकोश घेऊन ती ओळ-ओळ लावी, आणि अडले की आम्हांस विचारी. कचेरीतले इंग्रजी तिथे काही कामाचे नसे.

भूवैज्ञानिकांची खास हातोडी असते, एका बाजूला चौकोनी आणि दुसऱ्या बाजूला चोचीसारखी. ती कुठे मिळणार? गावच्या लोहाराकडून चित्र दाखवून तिने करून घेतली. तिला धार टिकत नसे, म्हणून दर दोन वर्षांनी नवे पाणी द्यावे लागे. तो लोहारही मग दगड आणून देऊ लागला. "बाईनू, ह्यो बघा कसलो धोंडो गावलो!" अशी हाक सकाळी दारात ऐकू आली की चहा आधणावरच राही.

आता आमची भूमिका काय, असे कोणी विचारील. आमची भूमिका पिशवी धरण्याची. चार्ल्स लायेल हा एकोणिसाव्या शतकातला थोर भूवैज्ञानिक. त्याने 1832 साली मेरी हॉर्नरशी लग्न केले आणि मधुचंद्राच्या निमित्ताने दोघे युरोपात खडक पाहत हिंडली. मेरी स्वतः शंखशिंपल्यांची जाणकार होती. त्या काळातलीच शार्लट मर्चिसन. तिने शिकारीत रमलेल्या नवऱ्याला शास्त्राच्या वाटेला लावले आणि तो पुढे सर रॉडरिक मर्चिसन म्हणून गाजला. ह्या बायका सोबत चालल्या, चित्रे काढली, नमुने वेचले, आणि नाव नवऱ्याचे झाले. आमच्या घरी मिसेस लायेल आम्हीच होतो, आणि त्यात आम्हांस काही कमी वाटले नाही. फरक एवढाच की तिचेही नाव कुठे झाले नाही.

अशा जोडप्यांतले तिचे आवडते जोडपे बकलंडांचे. विल्यम बकलंडला खडकावर उमटलेली काही जुनी पावले कासवाची असावीत असा संशय आला, तेव्हा त्याने मध्यरात्री बायकोला उठवले. तिने कणीक मळली आणि दोघांनी तीवरून कासव चालवले. ही गोष्ट वाचली आणि आमच्या घरी प्रयोग सुरू झाला. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी तांदळाची उकड काढून मुलांसमोर थाळ्यात पसरली, आणि तीवरून कुर्ली चालवली! मुले हरखली. मातोश्रींना मात्र उद्याच्या नैवेद्याची उकड बाटली की काय अशी शंका. उकड वेगळी काढलेली होती हे पटवायला संध्याकाळ गेली. पण त्या वर्गातला एकही मुलगा जीवाश्म म्हणजे काय हे विसरला नसेल.

आपल्या महाराष्ट्रातही दगडांपायी जीव टाकणारे झाले. नागपूरचा स्टीफन हिस्लॉप मूळचा धर्मोपदेशक. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणारे गोड्या पाण्यातल्या शंखांचे अवशेष त्याने वेचले आणि जगापुढे आणले. 1863 साली टाकळघाटची जुनी शिलावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना तो पुराच्या ओढ्यात बुडाला. ही हकीकत ती कधी पूर्ण सांगत नसे. ओढ्याच्या काठापर्यंत आणून थांबे.

ह्या सर्वांत तिचा जीव ज्यावर जडला, तो दगड मात्र अगदी सामान्य. जांभा. ज्यावर आत्ता हे सभागृह उभे आहे, ज्याच्या चिऱ्यांनी तुमचीआमची घरे बांधली, तोच. इतर दगड ज्वालामुखीतून येतात, समुद्रतळाशी साचतात. जांभा पावसाने घडतो. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यानंतर आठ महिने कोरडे ऊन, आणि असे लक्षावधी वर्षे. मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात, मागे राहतात लोखंडाची व ॲल्युमिनियमची गंजलेली संयुगे. म्हणून तो तांबडा, म्हणून तो भोकाभोकांचा. खाणीतून काढताना तासता येईल इतका मऊ, आणि वाऱ्यात राहिला की टणक. फ्रान्सिस बुकॅनन ह्या डॉक्टरने केरळात अंगाडिपुरम येथे लोक त्याचे ठोकळे कापताना पाहिले आणि 1807 साली त्याला 'लॅटेराइट' नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट.

त्या अंगाडिपुरमला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने स्मारक केले आहे, हे तिला कळले आणि झाले! कोकण रेल्वे 1998 च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली होती. निवृत्तीनंतरची आमची पहिली यात्रा काशी नव्हे, रामेश्वर नव्हे, तर अंगाडिपुरम. विश्रामगृहाच्या आवारात एक साधा स्तंभ. आजूबाजूला तोच तांबडा दगड, आमच्या परसातल्यासारखा. आम्ही म्हटले, "अगं, हे बघायला एवढं दूर यायचं होतं का?" ती म्हणाली, "अहो, आपल्या माणसाचं बारसं जिथे झालं, ती जागा बघायला नको?" स्तंभाला तिने चाफ्याचे फूल वाहिले. पहारेकरी पाहत राहिला.

रेल्वेचा तिला आणखी एका कारणाने लळा. मार्गासाठी डोंगर कापले जात होते ती सात-आठ वर्षे म्हणजे तिची दिवाळी. एरवी माती आणि झाडोरा ह्यांखाली दडलेले थर कापात उघडे पडत. वर जांभा, त्याखाली पांढरट, जांभळी, चिकट माती, तिच्याखाली कुजलेला खडक आणि तळाशी ताजा खडक. "पुस्तकाचं पान उलटलं, पावसाळ्यात परत झाकेल, आताच वाचून घ्या," असे म्हणून ती रविवारी मुलांना घेऊन जाई. कामावरचे लोक आधी हाकलत, मग ओळखू लागले. गोव्यातल्या पेडणे बोगद्याला त्या मऊ मातीनेच वर्षानुवर्षे सतावले.

त्या मऊ मातीचा संबंध आपल्या पिण्याच्या पाण्याशी आहे. पाऊस पडतो तो सड्यावर. जांभ्याच्या भोकांतून तो खाली झिरपतो. पण चिकट मातीच्या थराशी अडतो, आडवा सरकतो, आणि सड्याच्या उतारावर झरा होऊन बाहेर येतो. आपल्या वाड्या, देवळे, पोफळीच्या बागा त्या झऱ्यांच्या रेषेवर वसल्या आहेत. सडा ओसाड दिसतो, म्हणून आपण त्याला पडीक म्हणतो. ती म्हणे, "पडीक नव्हे, ती गावाची घागर आहे."

चिरेखाणींना तिचा सरसकट विरोध नव्हता. आमचे ओरोसचे घर चिऱ्यांचेच आहे. जिल्हा 1981 च्या 1 मेला वेगळा झाला आणि ओरोसला मुख्य ठिकाण वसू लागले, तेव्हा इथल्या माळावर इमारती उठल्या त्याही बहुतेक ह्याच दगडावर. घर बांधताना एकेक चिरा ती हाताने वाजवून घेई. गवंडी वैतागून म्हणाला, "बाईनू, नारळ घेतास की दगड?" तिचे म्हणणे इतकेच, की खाण कुठे थांबवायची हे झरा विचारून ठरवावे. एका वाडीत खाण झऱ्याच्या डोक्यावर सरकत होती. तिने तीन संध्याकाळ देवळात बसून पाटावर थर रचून दाखवले. वर विटांचा चुरा, खाली मळलेली माती, आणि तांब्याने पाणी. ते पाणी मातीवरून सरकून बाजूने टपकताना बायकांनी पाहिले, आणि खाणवाल्यांशी बोलणी बायकांनीच केली. ती बाजू सोडून देण्यात आली. त्या वाडीच्या विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असते. "एका विहिरीवरून शास्त्र सिद्ध होत नाही," हेही तीच सांगे.

सड्यांवरची कातळशिल्पे तिने फार उशिरा पाहिली. आपल्या मालवण तालुक्यातल्या कुडोपीची शिल्पे 2022 साली कोकणातल्या इतर शिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हे ऐकायला ती नव्हती. कुडोपीला उन्हात बसून तिने एका आकृतीच्या रेषेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "हा कोरणारा माणूस दगड जाणत होता. कडक साल कुठे आहे आणि मऊ कुठे, हे त्याला कळत होतं." शिल्प काय सांगते ह्याची चर्चा पुष्कळ होते. हत्यार दगडावर कसे चालले असेल ह्याचा विचार तिने केला, आणि आम्हांस तो अधिक पटला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती गेली तेव्हा मागे 14 वह्या आणि 11 पेट्या राहिल्या. पेट्यांत 612 दगड. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने आकडा, आणि त्या आकड्याखाली वहीत लिहिलेले गाव, जागा, तारीख, दिशा, वरचा थर, खालचा थर. हे लिहिल्याशिवाय दगड घरात येत नसे. मुले लांबच्या शहरांत. त्यांना आईविषयी प्रेम आहे, पण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात 11 पेट्या कशा मावणार? एका संस्थेने संग्रह मागितला. आम्ही विश्वासाने एक पेटी आधी दिली. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा ते दगड आवारात तुळशीवृंदावनाभोवती मांडलेले, वर गेरू लावलेला. त्यांनी ते आदरानेच केले होते. राग कोणावर काढायचा? गेरूखाली आकडे गेले. 54 दगड आज नुसते दगड आहेत. तिची भाषा वापरायची तर, त्यांचे गाव गेले.

त्या दिवसापासून आम्ही शिकायला बसलो. वयाची पंचाहत्तरी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. वाडियांचे पुस्तक काढले, शब्दकोश काढला. नाईस आणि ग्रॅनाइट ह्यांत फरक ओळखायला आम्हांस एक पावसाळा लागला. पन्नास वर्षे पिशवी वाहिली, तरी आत काय होते ते आता कळते आहे. एका दगडावर वाळूच्या वळ्या आहेत, तारकर्लीच्या पुळणीवर ओहोटीनंतर दिसतात अगदी तशा. हा फोंड्याकडचा वालुकाश्म. घाटावरचा लाव्हा ओतला जाण्याच्या कितीतरी आधी, जमिनीवर एकही प्राणी चालत नव्हता तेव्हा, उथळ पाण्याने ह्या वळ्या घातल्या. वहीत तिने त्याखाली लिहिले आहे : "संध्याकाळी साडेपाच. हे थकलेत. परत फिरलो." हे म्हणजे आम्ही. तारीख 1974 ची आहे. आम्हांस ती संध्याकाळ आठवत नव्हती.

शेवटच्या आजारात रुग्णालयात तिला बोलणे जड जाई. तिने हाताने गोल करून दाखवले. आम्ही पाणी दिले, ते नको. मग आमच्या ध्यानात आले. घरून दोन गोटे आणले, काळा आणि पांढरा, ट्रंकेतले, ज्यांवर आकडा 1 आणि 2 आहे. दोन्ही तिने मुठींत धरले. परिचारिका म्हणाली, थंड लागेल. ती हसली. दुसऱ्या दिवशी ती गेली. ते दोन गोटे चितेत ठेवावेत असे कोणी सुचवले. आम्ही दिले नाहीत. नमुना संग्रहातून काढायचा नाही, हा तिचा नियम.

व्याख्यानमालेच्या चालकांनी शेजारच्या खोलीत आजपासून तीन दिवस उरलेल्या दहा पेट्या मांडायची परवानगी दिली आहे. वह्याही आहेत. हात लावून पाहावे, तिला तसेच आवडे. फक्त ज्या खणातला दगड त्याच खणात परत ठेवावा. तालुक्यातले दोन शिक्षक वह्यांची नक्कल करून घेण्यास तयार झाले आहेत. आणखी दोघे-तिघे मिळाले तर पावसापूर्वी काम होईल. संग्रह ह्याच जिल्ह्यात राहावा आणि शाळकरी मुलांच्या हाताला लागावा, एवढी आमची अट आहे. सिन्नरला खनिजांचे देखणे संग्रहालय आहे, तिथले स्फटिक पाहून डोळे दिपतात. आमच्याकडे दिपवणारे काही नाही. आमच्याकडे तुमच्या गावांची नावे आहेत.

एक विनंती राहिली. चौथ्या पेटीत 347 क्रमांकाचा एक दगड आहे. हिरवट काळा, मुठीएवढा, वजनाला जड, एका बाजूला पांढरी शीर गेलेली. त्या पानावर पागोळीचे पाणी पडून शाई पसरली आहे. 'वाडी' आणि 'पऱ्या' एवढीच अक्षरे लागतात. साल 1983 असावे. त्या काळात ती कणकवली आणि कुडाळ ह्यांच्या मधल्या शाळांतून परीक्षांच्या कामाला जात असे. तेव्हा बाईंबरोबर एखाद्या पऱ्यात उतरल्याचे इथे कोणास आठवत असेल, तर त्याने आम्हांस सांगावे. आम्ही खोलीत बसलेलो आहोत.